सुकतळ्यातला उजेड

३ नोव्हेंबर
बूट आले! मुलीने तिकडून पाठवले. दिसायला साधेच, काळे. पण आतल्या सुकतळ्यात केसासारख्या बारीक तारा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावलं — "तारेतून उजेड धावतो, काका. पाय दाबला की उजेड बदलतो. कुठे भार जास्त पडला, कुठे पाय तापला, सगळं कळतं. घरातही घालूनच राहा." साखरेने तळवे बधिर झालेत माझे. खडा रुतला तरी पत्ता नाही. तेव्हा पायाला काय होतंय ते सुकतळा बघणार आणि मुलीच्या फोनवर कळवणार. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या — आता माझ्यावरच मीटर!

ही तिकडेच आहे, मुलीकडे. जुळ्या नातवंडांसाठी गेली. "दोन महिन्यांत येते हं." पाचवा चालू आहे.

५ नोव्हेंबर
फोन केला. "अहो, नंतर बोलू, धाकटी रडतेय." नंतर म्हणजे कधी, ते राहिलंच.

८ नोव्हेंबर
दुपारी तिचा फोन! आपणहून!
"डाव्या अंगठ्याखाली लाल दिसतंय. काय उद्योग केलात?"
स्टुलावर चढून, चवड्यांवर उभा राहून माळा आवरत होतो. चांगलंच झापलं मला. मग जेवलात का, पडदे धुतले का, बाल्कनीतला वेल जगलाय का... किती दिवसांनी एवढं बोललो! मुलीने तो रिपोर्ट हिच्याच फोनवर लावून दिलाय. म्हणजे मी जिना उतरतो ते हिला तिथे दिसतं! संध्याकाळी भाजीला मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. ताठ चाललो. नवरदेवासारखा.

१२ नोव्हेंबर
सगळं हिरवं असणार. फोन नाही.

१३ नोव्हेंबर
लिहायला लाज वाटते. चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभा राहून डावा चवडा जमिनीवर आपटत राहिलो. तिकडे लाल झालं असणार. चहा गाळतोय तोच फोन!
"अहो, काय झालं?"
"काही नाही गं. जिना जरा भरभर उतरलो."
मोठा नातू आज पहिल्यांदा खुदकन हसला म्हणे. मीही हसलो — इकडे एकटाच, हातात गाळणी.

१९ नोव्हेंबर
रोज आपटतो. या वयात हे धंदे! तिचा आवाज बसलाय, जागरणं होत असणार. तरी बोलते. पेपरातल्या शब्दकोड्यात आडवे शब्द माझे, उभे तिचे, अशी आमची जुनी वाटणी. अजून उभ्यांना हात लावत नाही. कोडी अर्धवट पडून आहेत, ढीगभर.

२४ नोव्हेंबर
मोजा काढायला गेलो तर चिकटलेला. रक्त. दुखलं अजिबात नाही — त्याचीच जास्त भीती वाटली.

नर्सबाईंनी जखम साफ केली. "काका, हे चालून झालेलं नाही." बूट बंद, पाय वर. नाही भरली तर अंगठा जाऊ शकतो, म्हणाल्या. सरळ तोंडावर.

मुलीला कळवलं. लगेच हिचा फोन — "मी तिकीट काढते."

याच एका वाक्यासाठी एवढं सगळं! पण मागे दोन्ही पोरं एका सुरात रडत होती. आणि मुलगी म्हणत होती, "जा आई तू, मी बघते ना." म्हणत होती खरी, पण आवाजात जीव नव्हता. लहानपणी तापात असाच यायचा तिचा आवाज.

म्हटलं, "येऊ नकोस. नुसतं साल गेलंय."

फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो.

२७ नोव्हेंबर
जखम कोरडी पडतेय. अंगठा वाचेल, म्हणाल्या नर्सबाई. बूट कपाटात. आता फोन वाजायचं काही कारणच उरलं नाही.

२८ नोव्हेंबर
वाजला.
"आज कशी आठवण झाली? बूट तर बंद आहेत."
"अहो, चालणारा माणूस दोन्ही पाय टाकतो. तुमचा एकच पाय, तोही एकाच जागी. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
हळूच —
"बोलले असते तर तुम्ही थांबला असता."