रुखवतातली बाहुली

मखमलाबाद, नाशिक
८ एप्रिल २००१

ती. रंगूआत्या,

नमस्कार. तू आणि घरातले सगळे बरे असाल असं धरून चालते. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही, तेव्हा धरूनच चालायला हवं. इकडे गुलाबाचा बहर सरत आलाय. अण्णांचा गुडघा दुखतो. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. घरातली पहिलीच पदवी, म्हणून अण्णांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारी टांगलाय. आणि माझं लग्न ठरलंय, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. मुलगा चांदवडचा, ज्ञानेश. शाळेत शिक्षक आहे.

खरं तर हे सांगायला लिहीत नाहीये. मघापासून सारखी उठतेय, पाणी पितेय, परत बसतेय.

ती बाहुली आठवते? देवळाली कॅम्पात तू ज्या मेजरसाहेबांची मुलं सांभाळायचीस, त्यांनी बदलीच्या वेळी दिलेली? पिवळे केस, पाठीत कॅसेट, बोलताना ओठ हलायचे. काल शेजारच्या लताबाई आणखी चार बायकांना घेऊन रुखवताच्या तयारीला आल्या होत्या. त्यांनी ती कपाटावरून काढली. आईनं तिला हिरवं नऊवारी नेसवलं.

"ही मड्डम छायानंच केली म्हणू," लताबाई म्हणाल्या.

"पण मी नाही केली."

"अगं बाई, लग्नात कोण पंचनामा करतंय! आणि बोलकी आहे ना? मग बोलू दे की. रेडिओतले सेल आण."

आम्हाला वाटलं, इंग्रजी बोलेल. आत्या, ती तुझ्या आवाजात बोलली!

"कुर्र्र... गप गं छाये, बारशात दात काढायचे नसतात. सांग, काय नाव ठेवायचं पोरीचं?"

मग माझा चिरका आवाज, "रंगू!"

"मेले, आत्याचंच नाव?" आणि तुझं ते खोकल्यासारखं हसणं.

आपण बाहुलीचं बारसं त्या कॅसेटवर भरलं होतं, मी विसरूनच गेले होते. बायका हसायला लागल्या. आई हसली नाही. ओसरीवर गुलाबाच्या जुड्या बांधणारे अण्णा दारात येऊन उभे राहिले, दोरा हातात तसाच. "बंद करा," म्हणाले. कुणालाच बटण सापडेना. बाहुली हसतच राहिली.

शेवटच्या वर्षी मी बोलक्या बाहुल्यांवर निबंध लिहिला होता. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत पहिल्या बाहुल्या निघाल्या, त्यांच्या पोटात छोटं आवाजाचं यंत्र असायचं. कारखान्यातल्या मुली दिवसभर बसून बाहुल्यांसाठी बालगीतं म्हणायच्या. आवाज लवकर झिजायचा, घरघरायचा, म्हणून त्या फार चालल्या नाहीत. पुढे दोरी ओढली की बोलणाऱ्या आल्या, मग कॅसेटच्या. जगभरच्या मुलांनी ते आवाज उराशी धरले, पण त्या पहिल्या मुलींची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. तेव्हा मी वर्गात तावातावानं बोलले होते. आणि माझ्याच बाहुलीतल्या आवाजाचं नाव माझ्या लग्नपत्रिकेत नाही.

आज सकाळी चहा पिताना अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "रंगीला कळव. ये म्हणावं. एकटी ये."

आई हळूच म्हणाली, "एवढं म्हणाले हेच फार आहे. ताणू नकोस, छाया."

तेवढंच कळवायला कागद घेतला होता, पण ते 'एकटी' लिहवेना. वर बघ, मीही नुसतं 'घरातले सगळे' लिहून सुटले. सलाउद्दीनमामा. लिहिलं. ते कॅम्पातले शिंपी, तू त्यांच्याशी लग्न केलंस आणि आपलं दार बंद झालं. बाहुलीचा फ्रॉक त्यांनीच शिवला होता, माप घेताना तिला 'बेटी' म्हणायचे. आईनं तो काढला नाही. नऊवारी वरूनच नेसवलं.

मी अण्णांना सांगितलं, "एकटीला बोलावणं हे बोलावणं नव्हे."

"चार बुकं शिकलीस ती यासाठी?" म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. पण बाहुली अजून रुखवतात आहे. सेलही तसेच आहेत.

ज्ञानेशला फोन केला. तो म्हणाला, "कुणी विचारलं तर माझे पाहुणे म्हणून सांग." मला तेही नको. तुम्ही माझे आहात.

तुम्ही दोघं आलात तर अण्णा काय करतील, मला खरंच माहीत नाही. अपमान होणार नाही असं वचनही देता येत नाही. पण आखाजी लेकींनी माहेरी यायचा सण आहे, आणि मुहूर्त अण्णांनीच निवडलाय. नवरीनं फाटकात उभं राहायचं नसतं म्हणतात. मी राहीन. मामांना घेऊन ये.

जिचं नाव पहिल्यांदा तू कानात सांगितलंस, ती तुझी
छाया