शाल-नारळाचं उत्पन्न

पुसेगाव, दि. १२ जानेवारी २००४

चि. दीक्षा हीस कोंडीबाकाकाचे अ. आ. वि. वि.

सकाळी अक्काच्या गोळ्या वाटीत काढताना टक-टक, टक-टक ऐकू आलं. खिडकीला चोच मारणारी चिमणी होती. पण मला वाटलं, आमचे गुरुजी टेबलावर रूळ आपटून कवितेचा ठेका धरून राहिले. आमी चाळीस पोरं वर्गात, अन् अक्का, म्हणजे तुझी जनकाआत्या, शेळ्या घेऊन खिडकीबाहेर. तिला शाळेत धाडलंच न्हाई. पण कविता तिलाच आधी पाठ व्हायची.

तिचं डावं अंग लुळं पडल्याला सहा वर्षं झाली. न्हाऊ-खाऊ घालायला मी, अन् गोळ्यांना तिचं निराधार अनुदान. यंदा त्याची फेरतपासणी आहे. तलाठी तातेरावांनी कागद दिला : घरातल्या माणसाचा व्यवसाय आणि वर्षाचं उत्पन्न. उभ्या जन्मात मला व्यवसाय कोणी विचारला नव्हता! ठळक अक्षरात लिहिलं : कवी. लग्नपत्रिकांतल्या ओळी धरल्या, बदलून जाणाऱ्या साहेबांची मानपत्रं धरली. रोख क्वचितच मिळते, म्हणून अकरा शाली अन् सव्वीस नारळ दुकानाच्या भावानं लावले. शाली चांगल्यातल्या धरल्या. आकडा असा भरला की मलाच माझा आदर वाटला.

पोराला पापा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसावा.

तुझा काका,
कोंडीबा

वसमत, दि. १७ जानेवारी

ती. काकांना सप्रेम जयभीम. वि. वि.

हे काय करून बसलात! मी तहसिलीसमोर टायपिंगच्या टेबलावर बसते, रोज असे अर्ज बडवते. घरातलं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं की अनुदान बंद. लोक चार एकराचं दोन एकर सांगतात, अन् तुमी नारळांना भाव लावता! ते नारळ चटणीत गेले, काका. अन् चांगल्यातली शाल तर मी तुमच्या अंगावर कधी पाहिली न्हाई.

यादी वर जायच्या आत तातेरावांना गाठा. नवा जबाब द्या : आजारी बहिणीची देखभाल करतो, लिखाणाचं उत्पन्न नगण्य. नगण्यच लिहा, त्याला दुसरा शब्द शोधत बसू नका.

आत्याला जयभीम. रागावले असेन तर तेवढा राग मायेत जमा करा.

आपली,
दीक्षा

पुसेगाव, दि. २७ जानेवारी

चि. दीक्षास अ. आ. वि. वि.

तुझ्या सांगण्याबरहुकूम झालं, अन् मग सगळं फसलं. तातेराव दोन पंच घेऊन घरीच आले. नगण्य हा शब्द त्यांनी वाचून दाखवला. मी सही केली. तेवढ्यात अक्का खाटेवरून कडाडली की नगण्य कोनाला म्हन्ता? जुळवते मी, ह्यो नुसता लिवतो!

खरं आहे, बाई. आजवर तुला सांगितलं न्हाई. ओळी तिच्या, अक्षर माझं, अन् खाली नावही माझं.

तातेरावांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ही तर मोठीच तकलीफ झाली. अनुदान जिला, तीच कमावती निघाली! पण पुरावा काय, असंही त्यांनी विचारलं. अक्कानं जागच्या जागी पुरावा दिला :

तातेरावाच्या दप्तरी सातबारे हजार,
कोनत्या रकान्यात लिवू सांगा माझा आजार?

पंच हसून हसून भिंतीला टेकले. तातेराव इमानदार माणूस; त्यांनी दोन्ही ओळी पंचनाम्यात बराबर उतरवल्या अन् कागद वर धाडला. आता काय करावं, ते उलट टपाली कळव.

गोंधळलेला,
काका

वसमत, दि. ३१ जानेवारी

ती. काकांना सप्रेम जयभीम. वि. वि.

एकच मार्ग आहे. तुमच्या सेनगावच्या तहसिलीत जाऊन सांगा की कविता सगळ्या माझ्याच, बहीण आजारपणात काहीबाही बोलली. आत्याचा रुसवा दोन दिवसांचा, गोळ्या जन्माच्या. माया असू द्या, पण आधी सेनगावची एस. टी. पकडा.

दीक्षा

पुसेगाव, दि. ५ फेब्रुवारी

चि. दीक्षास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. गोळ्यांची पट्टी चार दिवसांची उरली आहे. उद्या पहिल्या एस. टी.नं जातो. काय बोलायचं ते पाठ केलं आहे; शाळेतल्यासारखं, हात मागं बांधून

एवढं लिहिलं अन् दारात जीप थांबली. आता उरलेलं हातोहात लिहून राहिलो.

जीपमधून नायब तहसीलदार बाई उतरल्या. मागं तातेराव, मान खाली घालून. बाईंच्या हातात आपलाच पंचनामा. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी विचारलं की या दोन ओळी कोणाच्या?

पाठ केलेलं सगळं ओठावर होतं, दीक्षा. पण नजर खाटेवर गेली. अक्कानं अजून भिंतीकडंच तोंड केलेलं. माझ्या तोंडून निघालं, हिच्या. गोळ्या गेल्या, असं मनात म्हणून मी डोळे मिटले.

बाई म्हणाल्या, असलं उत्पन्न मर्यादा ओलांडत न्हाई. अनुदान चालू ठेवायची सही कालच झाली. तेवढं सांगायला तातेराव पुरले असते, पण मला ह्या ओळी जुळवणारीला भेटायचं होतं. मग त्यांनी चपला काढल्या अन् आत आल्या. अक्का एका हातानं गोधडी सरकवून त्यांना खाटेवर जागा करून देऊन राहिली आहे.

तुझा,
काका