फादर, तुमी जेवलाव का?

माय, पोरगा फादर झाला की आईनं त्याला 'तू' म्हणायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं होतं? निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मला कडेवर घेऊन पाचोडपर्यंत पळालीस, असं तूच सांगायचीस. त्याच पोराला एका सकाळीत परकं केलंस. दीक्षेच्या दिवशी माझ्या तळहातांचं चुंबन घेतलंस आणि पदरानं डोळे पुसत म्हणालीस, "फादर, तुमी जेवलाव का?" सगळे कौतुकानं हसले. मीही हसलो.

पुढं छावणीतल्या मिशनच्या बंगल्यावर मी रोज एकटाच जेवायचो. आचारी ताट वाढून निघून जायचा. लोकांना वाटायचं, फादरला संसाराचा मोह होत असेल. व्हायचाही, अधूनमधून. पण धाकट्या भावाचा हेवा मला वाटला तो त्याला पडणाऱ्या तुझ्या शिव्यांचा. महिन्यातून एकदा मी गावी आलो की तू शेजारून खुर्ची मागून आणायचीस, तिच्यावर धुतलेली चादर घालायचीस. मी पाहुण्यासारखा ओसरीत आणि तो आत चुलीपुढं. आतून ऐकू यायचं, "मुडद्या, हात धू आधी. किती हादडशील?" तूप माझ्या ताटात आणि जळफळाटही माझाच. सकाळी चर्चच्या वेदीवर मिस्सा अर्पण केलेला माणूस दुपारी भावाला बसलेल्या लाटण्याच्या रट्ट्यावर जळतो, हे सांगायचं तरी कुणाला?

एकदा मी मुद्दाम चिखलाचे बूट घालून तुझ्या सारवलेल्या चुलीपर्यंत आलो. आता काय होतंय म्हणून धाकटा तुझ्या तोंडाकडं बघायला लागला. तू उठलीस, पोतेरं घेतलंस आणि माझ्या पावलांमागं पुसत आलीस. मी वैतागलो. म्हणालो, "माय, मला बोल की. अरे म्हण, तू म्हण." तू कानाला हात लावलेस. "ज्या हातानं तुमी परभूला उचलता, त्या हाताच्या माणसाला अरे-तुरे करू? लई पाप लागंल, फादर." मी बूट काढले आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

शेवटच्या दुपारी तुला दिसत नव्हतं. धाकटा तुला शहरात न्यायला जीप आणायला गेला होता. तुझ्या कपाळाला पवित्र तेल लावून, प्रार्थना करून मी उशाशी बसलोय. तू चाचपडत माझा हात धरतेस. "आलास का रे मुडद्या? कुठं उलथला व्हतास?" तू त्याला विचारतेयस, हे मला पक्कं कळतंय. आमचा आवाज सारखा. मी म्हणतो, "व्हय माय, आलो." तू माझ्या गालावरून हात फिरवतेस. "उपाशी असशील. खाऊन घे बाबा." जीप दारात आली तेव्हा तू गेली होतीस.

तो अजून विचारतो, "दादा, जाताना मायनं माझी आठवण काढली व्हती का?" मी सांगतो, देवाचं नाव घेत गेली. जन्मभर लोकांच्या पापांची कबुली ऐकली, माझी ही एवढी मात्र कुणापुढं गुडघे टेकून दिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, माझी पत्रं तोच तुला वाचून दाखवायचा. म्हणून हे पत्र कुठंच जाणार नाही. त्याला सांगायला हवं, हे कळतं मला. पण माय, ते शेवटचं 'मुडद्या' त्याचं त्याला परत द्यावंसं मला अजून वाटत नाही.