पानवाडीत अनवाणी

३ नोव्हेंबर २०२५

पायात बांबूची कामटी घुसली आणि ते मला वहिनीने सांगितलं! पानवाडीत विड्याच्या वेली बांधून येऊन ओटीवर टेकलो होतो. "हरिभाऊ, हे रक्त कोणाचं?" मी मागे वळून बघतोय — जसं काही दुसरंच कोणी आलंय! बोटभर कामटी तळव्यात रुतलेली आणि मला पत्ता नाही.

वहिनी चिमटा घेऊन आली तर केवढ्याने ओरडलो, "हात लावू नका!" बिचारी दचकली. माझी मीच उपसली. फरशीही मीच डेटॉलने पुसली. दादा म्हणाला, "साठीला आल्यावर सोवळं सुचलं काय रे तुला?" मी आपला हसलो.

५ नोव्हेंबर

सेंटरवर जाऊन आलो. घरी सांगतो बीपीच्या गोळ्या आणायला जातो म्हणून. दादा, वहिनी, पुतण्या जितेश — कोणालाच ठाऊक नाही मला एचआयव्ही आहे ते.

डॉक्टरीणबाईंनी तो चिमट्यासारखा कंपनाचा काटा टेबलावर वाजवून पायाच्या अंगठ्याला लावला. "कंपन कळतंय?" म्हटलं, कुठलं कंपन? त्यांचा चेहरा पडला. दिवसभर पाय बधिर आणि अंथरुणाला पाठ टेकली की तळव्यांत निखारे — हे कसलं गणित?

"काका, थोडं आजाराने केलं, थोडं सुरुवातीच्या वर्षांतल्या गोळ्यांनी. नसा गेल्यात. उरल्यात त्या जपा. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही."

"पानवाडीत चपला चालत नाहीत."

"कोणाला?"

"वेलीला!"

हसल्या. म्हणाल्या, मी येऊन समजावू का वेलीला? त्यांना काय सांगणार. आमची पानवाडी म्हणजे देवघर. आंघोळ करून, चपला बांधावर काढून आत जायचं. बायकांनी त्या चार दिवसांत बांधाशीसुद्धा फिरकायचं नाही. आमच्या उमेळे गावात चहूबाजूंनी बिल्डिंगी उठल्या, पण नियम तेच.

९ नोव्हेंबर

घरी थाप मारली — शुगर निघाली, चपला घालाव्याच लागतील. दादा भडकला. "आजोबांपासून कोणी घातल्या नाहीत. तू येऊच नकोस, मी बांधतो वेल." गुडघे धरून उठतो आणि म्हणे मी बांधतो!

वहिनीने चहातली साखर काढली. वर सकाळी कारल्याचा रस. घे, बोल अजून खोटं!

१२ नोव्हेंबर

जितेशचं लग्न होऊन सहा महिने झाले. त्याची हेमाली विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तोंडाने फटकळ. आज तिने सरळ विचारलं, "काका चपला घालून गेले तर काय होईल?"

वहिनीने मालनची गोष्ट सांगितली. माझ्या बायकोची. माझ्यासमोर. "तुझी काकू अडचणीच्या दिवसांत शिरली वाडीत. विटाळ झाला. आठ दिवसांत अर्धी वेल कुजली. तिचं डोकं फिरलं, माणसं ओळखेना. महिन्याभरात गेली." बोलताना वहिनीचा आवाज कापत होता.

मी कारल्याचा रस पीत बसलो. थू!

१३ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिही, हरिश्चंद्रा. नाव काय ठेवलंय आईबापांनी!

पान विकायला मुंबईला जायचो, चार चार दिवस मुक्काम करायचो, तिथून आजार आणला. तो मालनला दिला. २००८ साली तिचं डोकं दुखायला लागलं. ताप, उलट्या. मग शब्द हरवायला लागले — चमच्याला "ते", मला "अहो ते". वेल कुजली तेव्हा आईने सगळ्यांना उभं करून विचारलं, वाडीत कोण शिरलं होतं? मालन म्हणाली, "हो." अरे, ती तेव्हा कशालाही हो म्हणत होती! शेजारच्या पॉलिनने गंमत म्हणून विचारलं, तू पॉलिन का गं? त्यालाही हो.

मुंबईच्या हॉस्पिटलात मला बाजूला घेऊन सांगितलं — एचआयव्ही, त्यातून मेंदूच्या पडद्यांना बुरशी. तुमचंही रक्त तपासा. ती गेली. मला गोळ्या मिळाल्या, मी जगलो. घरी सांगितलं, मेंदूज्वर. आणि गावाने विटाळ म्हटलं तेव्हा गप्प बसलो. सोयीचंच होतं मला! सतरा वर्षं ती पोर माझ्या वाटणीची शिक्षा भोगतेय.

२० नोव्हेंबर

सकाळी हेमालीला हाक मारायला गेलो तर नावच आठवेना. ती समोर उभी, आणि मी "अगं... अगं..." करतोय. मालनचंही असंच सुरू झालं होतं.

तडक सेंटर. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, घड्याळ काढायला लावलं. चार आठवले, "कंदील" सुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेससारखं नाही हे. त्यांना गोळ्या मिळाल्याच नव्हत्या. तुमच्या रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही. झोप नाही, धास्ती आहे, त्याने होतं असं. तरी लक्ष ठेवू."

लक्ष ठेवू म्हणजे काय? उद्या खरंच विसरलो तर मालनची बाजू सांगायला कोण उरणार?

२३ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. दादाने वहिनीच्या नकळत माझ्यासाठी काजूकतली आणली. "एक खा रे, मरत नाहीस." नाही सांगितलं.

२६ नोव्हेंबर

सांगितलं.

चौघं ओटीवर होती. म्हटलं, शुगर नाही, एचआयव्ही आहे. मालनने काही विटाळलं नाही. तिला मी मारलं.

हेमालीच आधी बोलली. "गोळ्या रोज घेता ना काका? मग झालं." जितेश खाली मान घालून नख कुरतडत राहिला. दादा उठून वाडीत निघून गेला. वहिनी मात्र भिंतीला टेकून बसली ती बसलीच. हेमालीने पाणी दिलं, तेही घेतलं नाही. मला वाटलं, आता माझं ताट वेगळं होणार. होऊ दे.

२७ नोव्हेंबर

वहिनी दुपारी माझ्या खोलीच्या दारात आली. आत येईना. "हरिभाऊ, अडचणीच्या दिवसांत वाडीत मी शिरले होते. मालन नव्हती. पूजेला पानं हवी होती, घरात कोणी नव्हतं. सासूबाईंनी विचारलं आणि ती हो म्हणाली... मी गप्प राहिले. सतरा वर्षं मला वाटतंय, मीच खाल्लं तिला."