आतल्या खोलीतले सिनेमे

३ डिसेंबर
आले एकदाची जबलपूरला! चेरीतालच्या सासरी माप लवंडलं, तेही इतक्या उत्साहात की तांदूळ पार सासऱ्यांच्या पायांपर्यंत. बापूसाहेब खो खो हसले, मग सासूबाईंनाही हसावं लागलं. ताटातल्या तांदळात अनुपमनं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, अवंतिका. सकाळपर्यंत मी हर्षा होते. अमरावतीच्या मैत्रिणी नाकं मुरडतील, आजकाल कोण नाव बदलतं म्हणून. पण सासूबाईंचा एवढा एकच हट्ट होता, आणि नाव काही वाईट नाही.

७ डिसेंबर
नवऱ्याचं वेड कळलं : सिनेमे! आतल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर दिवसभर घुरघुरत असतो. त्यात ढीगभर सिनेमे, आणि ते दिसतात बैठकीतल्या टीव्हीवर, घरच्या वायफायवरून. मधे एकही वायर नाही. आतला कॉम्प्युटर बंद झाला की टीव्ही कोरा, एवढंच लक्षात ठेवायचं. त्या खोलीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असते. बापूसाहेब दुपारी सिनेमा लावतात, मधेच घोरतात आणि उठल्यावर मला शेवट विचारतात. मी मनाला येईल तो सांगते. छान चाललंय माझं.

१२ डिसेंबर
अनुपम आज घाईत ऑफिसला गेला. एरवी टीव्हीवर फक्त सिनेमे दिसतात, आज कॉम्प्युटरमधलं सगळंच दिसत होतं. 'अवंतिका गृहप्रवेश' वाचून मी खुशीत लावलं.

माप लवंडणारी मुलगी मी नव्हते. शेजारी अनुपम, जरा बारीक. सासूबाई तिला म्हणाल्या, "ये अवंतिका."

संध्याकाळी विचारलं. अनुपम हसला. तो त्याचा चुलतभाऊ म्हणे, दोघांचा तोंडावळा सारखा. मी विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

१५ डिसेंबर
अनुपमला चुलतभाऊच नाही. शेजारच्या हेमलताकाकूंना सहज विचारलं, तर त्या आमच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "काहून विचारून राहिली बेटा? चांगल्या होत्या बिचाऱ्या दोघी." दोघी! तेवढ्यात सासूबाई अंगणात आल्या, आणि काकू "अच्छा, चलो" करत आत पळाल्या.

डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलला. माझा संताप संताप होतोय.

१६ डिसेंबर
दुसरा व्हिडिओ सापडला. दुसरी मुलगी, नाव तेच. मग ती याच सोफ्यावर बसलेली, टीव्ही बघत. तिच्या टीव्हीवर पहिली. तिनं दचकून मागं पाहिलं. मागं अनुपम होता. त्यानंतर नुसता रिकामा सोफा, कितीतरी वेळ.

अनुपमला जाब विचारला. रागावला नाही, उलट माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाला, एक अवंतिका गेली की दुसरी आणावी लागते, आईला घर रिकामं चालत नाही. बापूसाहेब समोर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

१७ डिसेंबर
आईला फोन केला. रडत सगळं सांगितलं. वाटलं, आत्ता म्हणेल, निघून ये.

ती म्हणाली, "त्यांनी आधीच सांगितलं होतं बेटा. आता तेच तुझं घर."

तिला माहीत होतं. माझ्या आईला — माहीत असून तिनं मला —

१८
बाहेरून कुलूप. फोन काढून घेतला. खिडकीतून काकूंना हाका मारल्या, त्यांनी पडदा ओढला.

आतल्या खोलीची वीज बोर्डावरून बंद केली. घुरघुर थांबली. टीव्ही थांबला नाही.

माझा गृहप्रवेश. मग सोफ्यावर मी, लिहिताना. आत्ताची. मग रिकामा —

१८, दुपार
आता नवी मुलगी. अनुपम हसतोय. सासूबाई म्हणतात, ये —

कुणीतरी तिची ओटी भरतंय. पाठमोरं. ती साडी मीच घेऊन दिली होती —

आई. माझी आई. तिला बेटा म्हणते आहे.

मी टीव्हीवर हात आपटले. आई, मी इथं आहे, आई गं — ओरडले. मागं पावलं वाजताहेत. बघणार नाही मागं, लिहिणार —

ऐकलं तिनं! मान वर केली. सरळ माझ्याकडे बघते आहे. ओळखलं तिनं मला. डोळे पुसले. आणि रिमोट उचलून ती —