ओणमच्या दिवशी पाहिलेली नाडी

मी, चातुण्णी वैद्यर, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा वैद्यकी, राहणार तालुका ओट्टप्पालम, आज सकाळी स्वतःची नाडी स्वतः पाहून, पेज पिऊन, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. असतं तरी मी जुमानलं नसतं, कारण माझी प्रकृती पित्ताची. बाराच्या ठोक्याला पान वाढलं नाही तर मी घर डोक्यावर घेतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. का रद्द, ते कलम तीनमध्ये लिहिलं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी कार्त्यायनी हिच्याकडे तहहयात राहावी. लग्नानंतर आठव्या दिवशी मी तिची प्रकृती कफाची ठरवली आणि रात्रीचं दही व दुपारची झोप बंद केली. तिने कणगीमागे बसून चोपन्न वर्षं दही खाल्लं. वाटी सापडली की म्हणायची, मांजराने चाटली. आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. इतकं करून तिला साधी सर्दी झालेली मला आठवत नाही. सबब, यापुढे तिने दही उघड खावं आणि जेवून खुशाल आडवं व्हावं.

२. रोगी तपासायची खोली आणि औषधांची कपाटं मुलगा सुगतन यास द्यावीत. हा खराखुरा कफाचा. दात घासायला अर्धा तास घेतो. पण रोग्याची रडकथा तासभर ऐकतो आणि वर विचारतो, "मग सासू काय म्हणाली?" मी तिसऱ्या वाक्याला "जीभ दाखवा" म्हणत असे. रोगी त्याच्याकडे जास्त का येतात हे मला उशिरा कळलं.

३. तेलघर. जुन्या मृत्युपत्रात तेही सुगतनला होतं. तेल सिद्ध करायचं तर बूड टेकून बसणारा माणूस हवा, असं माझं मत. मुलगी तंकमणी सात वर्षांची असताना मी तिची नाडी पाहून वहीत लिहिलं होतं: 'वातप्रकृती. नाडी सापासारखी पळते. एका जागी ठरत नाही. विस्तवाजवळ नेऊ नये.' झालं! बेचाळीस वर्षं तिने तेलघराचा उंबरा ओलांडला नाही. सासर दोन घरं सोडून. रोज येते, बाटल्या धुते, चिठ्ठ्या चिकटवते आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून आतल्या तेलाचा आवाज ऐकते.

गेल्या महिन्यात धान्वंतर तेल चुलीवर होतं. सुगतन ढवळता ढवळता घोरू लागला. बाहेरून तंकमणी ओरडली, "एट्टा, उठ! तेलाचा आवाज बदलला!" दादा कुठला उठतोय? ती आत शिरली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्याला उठवून दोघांनी तेलाची कढई, म्हणजे आमची उरुळी, उतरवली. मी धावत आलो. काकडा तेलात बुडवून पेटवला. पाण्याचा अंश उरला की तो तडतडतो; हा जरासुद्धा तडतडला नाही. असं नेमकं तेल मलाही दहांत एकदा साधतं.

तरी मी पित्ताचाच. ओरडलो, "आत कशी आलीस? तुझी नाडी..."

"कसली नाडी घेऊन बसलात?" कार्त्यायनी म्हणाली. "तो ओणमचा दिवस होता. बाहेर आंब्याला झोपाळा बांधलेला, सगळी पोरं झोके घेत होती, आणि तुम्ही हिचं मनगट धरून बसलात! नाडी पळेल नाहीतर काय करेल?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, कफाच्या बाईने मध्ये बोलू नये."

वही काढून तारीख पाहिली. तिरुवोणमचीच होती, अक्षरही माझंच. मला फार लाज वाटली. त्या दिवशी पान बाराला वाढलं गेलं आणि मला जेवण गेलं नाही.

सबब तेलघर, काशाची उरुळी, ढवळणं आणि किल्ली तंकमणीची. सुगतनची हरकत नाही. विचारलं तर म्हणाला, "सुटलो बुवा!"

४. शेजारी कुंजाप्पू वैद्यर चहाच्या टपरीवर सांगत फिरतो की, "चातुण्णी कसला पित्ताचा, नुसता तापट आहे." माझी काळी छत्रीही तो तीस वर्षं स्वतःची म्हणतो. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून त्याला साक्षीदार केलं आहे.

५. आमच्या रिवाजाप्रमाणे चितेसाठी दक्षिणेचा आंबा तोडतात. झोपाळ्याचा आंबा तोच. तो तोडू नये. लाकूड विकत आणावं, आणि सुकं आणावं, मला धूर सोसत नाही.

६. तंकमणीने तेलघराचा ताबा घेण्याआधी त्या आंब्याला झोपाळा बांधावा. तिने मन भरेपर्यंत झोके घ्यावेत, मगच चूल पेटवावी. तोवर कोणीही तिचं मनगट धरू नये. येत्या ओणमला मी असलो, तर किल्ली त्याच दिवशी देईन आणि पहिला झोकाही मीच देईन.

सही: चातुण्णी वैद्यर
ठिकाण: ओट्टप्पालम. तारीख: २ चिंगम, म्हणजे १८ ऑगस्ट २०१९

साक्षीदार:
१) के. वेलायुधन, निवृत्त पोस्टमास्तर
२) कुंजाप्पू वैद्यर. (सही माझ्यासमोर झाली. माणूस शुद्धीत आहे. छत्री माझी आहे.)