बंद केलेली चाचणी

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय शंकासुर,

अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, याची आधी माफी मागतो. कामाचा व्याप हे कारण सोपं होतं. खरं कारण पुढे येईलच.

आपला जुना महासंगणक या महिन्यात बंद होतोय. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून, पंख्यांच्या आवाजावर ओरडत आपण जिथे भांडायचो, तिथे आता रिकामी कपाटं उरलीत. तंत्रज्ञ काका निवृत्त झाले. जाताना विचारत होते, "ती दहादा तपासणारी बाई कुठे असते हो?" शाळेत गणित शिकवते म्हटल्यावर म्हणाले, "मग पोरांची काही खैर नाही!"

मी विभागप्रमुख झालो. संशोधनाचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं टिकावं कसं, यावर व्याख्यानं देतो. 'चाचणीशिवाय एक ओळही बदलू नका' हे तुझं वाक्य माझं म्हणून खपवतो. लोक वहीत उतरवून घेतात.

भूजलाचा आपला प्रोग्राम नव्या यंत्रावर नेण्याचं काम माझ्या विद्यार्थिनीकडे आहे. गेल्या आठवड्यात ती दारातूनच म्हणाली, "सर, प्रोग्रामचं उत्तर तपासणारी ही एक चाचणी बंद का आहे? चालू केली की नापास होतेय." जुनी आहे, सोडून दे, म्हटलं. "पण सर, प्रोसेसर दुप्पट केले की उत्तरात विहिरींची पातळी बदलते. विहिरींना काय माहीत आपण किती प्रोसेसर लावलेत?" मला हसू आलं नाही. तू अगदी हेच विचारलं होतंस.

भूजलावरचा आपला लेख नियतकालिकाला पाठवायला तेव्हा दोन दिवस उरले होते. चूक सापडेपर्यंत थांबू, असं तू म्हणालीस. मी तुझी ती चाचणी बंद केली, सोयीचं उत्तर देतील तेवढेच प्रोसेसर लावले आणि लेख पाठवला. तू त्यावरून नाव काढून घेतलंस, महिन्याभरात नोकरीही सोडलीस. पुढे कुणी विचारलं की मी सांगायचो, तिने चाचण्या अर्धवट टाकल्या. हे खोटं इतक्यांदा बोललो की मलाच पटू लागलं.

पण प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची शिस्त तूच लावलेली. विद्यार्थिनीने ती नोंद माझ्यासमोर उघडली. तारीख, माझं नाव आणि माझीच टीप: 'तात्पुरती बंद. उद्या बघतो.' तिने माझ्यासाठी नुसती खुर्ची पुढे सरकवली.

लेख मागे घेत असल्याचं पत्र आज सकाळी नियतकालिकाला पाठवलं. चाचणी कुणी लिहिली, कुणी बंद केली, दोन्ही नावं त्यात आहेत. माझ्या पदाचं काय ते कुलगुरू ठरवतील. नोंद उघडली नसती, तर मी स्वतःहून लिहिलं असतं का? हो म्हणण्याचा मोह होतोय, पण तसं लिहिणार नाही. इतरांकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझाच,
उतावळ्या

उद्याचं काम: तुझी चाचणी चालू करणे.